जर्मनीत उन्हाळ्याची इंटर्नशिप: बारा आठवड्यांत खोली, सायकल आणि माणसं

एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर मी ८४ दिवस जर्मनीत, ग्योटिंगेनला राहिले. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, एका प्रयोगशाळेत इंटर्न म्हणून. जाण्याआधी सीनिअर्सनी व्हिसा, विमा आणि बॅगेचं वजन याबद्दल भरपूर सांगितलं होतं. पण पहिले तीन रविवार मी खोलीत एकटी बसून काढले, आणि ते कसे टाळायचे हे कुणीच सांगितलं नव्हतं. या लेखात दोन्ही गोष्टी आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी जोडलेली आहे. तिथं मैत्री होते ती एकाच ठिकाणी, एकाच वाराला, एकाच वेळी तुम्ही पुन्हा पुन्हा दिसलात तर. आपल्याकडे कट्ट्यावर रोज येणाऱ्याचं नाव माहीत नसलं तरी तो आला नाही की चुकल्यासारखं वाटतं ना, तसंच. फक्त कट्ट्याला वर्षं मिळतात आणि तुमच्याकडे बारा आठवडे आहेत. खरं तर तेवढेही नाहीत. विद्यापीठाचे तास जुलैच्या मध्याला, फार तर अखेरीला संपतात आणि मुलं आपापल्या गावी जातात. मेच्या मध्याला पोचलात तर हातात जेमतेम आठ-नऊ आठवडे. म्हणून पहिला आठवडा वाया घालवू नका.

१. व्हिसा: आधी दिवस मोजा

९० दिवसांपर्यंत राहणार असाल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, थोड्या मुदतीचा), त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय व्हिसा. यात पहिला सापळा मोजणीचा आहे. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही धरायचे. शेवटी पॅरिस किंवा प्रागला चक्कर मारायची असेल तर तेही दिवस त्याच ९० मध्ये येतात.

दुसरा सापळा पासपोर्टमध्ये चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर असतो. व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालतो ही एक गोष्ट, आणि त्या काळात तुम्ही किती दिवस राहू शकता हा आकडा वेगळा. पुष्कळ जण फक्त शेवटची तारीख बघतात. पासपोर्ट हातात आला की तिथंच उभं राहून दोन्ही वाचा.

आणि कुणी कितीही सांगितलं तरी पर्यटक म्हणून अर्ज करून इंटर्नशिपला जाऊ नका. अर्जात खरं कारण लिहा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५ दिवसांपर्यंत लागतात. महाराष्ट्रातून अर्ज मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात) देता येतो. एप्रिल-मेमध्ये तिथं अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते. निमंत्रणपत्र आलं त्याच दिवशी तारीख शोधायला बसा.

फाइलमध्ये हे हवं:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट
- ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे फोटो
- प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र: तारखा, कामाचं स्वरूप आणि पैसे मिळणार की नाही हे स्पष्ट लिहिलेलं
- आपल्या कॉलेजचं ना-हरकत पत्र आणि शिकत असल्याचा दाखला
- शिष्यवृत्तीचं पत्र, किंवा खर्च करणाऱ्या पालकांची बँक स्टेटमेंट्स
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा, अगदी शेवटच्या दिवसापर्यंतचा
- राहण्याच्या जागेचा पुरावा आणि विमानाचं आरक्षण

माझ्या निमंत्रणपत्रात तारखा होत्या, पण पैशांचा उल्लेख नव्हता. त्यासाठी प्राध्यापकांना पुन्हा मेल करावी लागली आणि त्यात आठवडा गेला. पत्र आलं की आधी हे तपासा. अर्ज भरायच्या दिवशी केंद्राची अधिकृत यादी पुन्हा वाचा, कारण इंटर्नशिपसाठी जास्तीचे कागद लागू शकतात.

२. खोली: स्वतंत्र स्टुडिओ घेऊ नका

घरचे म्हणतील, मुलीला स्वतंत्र खोली बघा. माझ्याही घरी हेच झालं. तरीही मी मनापासून सांगते, ‘वेगे’ बघा. वेगे म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. प्रत्येकाची खोली वेगळी, तिला कुलूप, पण स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. उन्हाळ्यात कुणी ना कुणी बाहेर जातं आणि आपली खोली दोन-तीन महिन्यांसाठी पोटभाड्यानं देतं. याला ‘त्स्विशनमीटऽ’ म्हणतात. शोधताना हा शब्द आणि तुमच्या तारखा घाला. ‘वेगे-गेझुख्ट’ हे संकेतस्थळ त्यासाठी सगळे वापरतात. शिवाय ‘श्टुडिअरेंडनवेर्क’ची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेची, वसतिगृहं असतात. प्रयोगशाळेच्या सेक्रेटरीलाही न लाजता विचारा, त्यांच्याकडे नेहमी दोन-चार पत्ते असतात.

संदेश पाठवताना ‘खोली आहे का’ एवढंच विचारलंत तर उत्तर येणार नाही. तिथं घरमालकापेक्षा त्या घरात राहणारी मुलं तुम्हाला निवडतात. तुम्ही काय शिकता, काय रांधता, सकाळी कधी उठता, असं आठ-दहा ओळींत लिहा. माझ्या अठरा संदेशांना तीन उत्तरं आली. त्यातल्या एकीनं व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला, ‘तुला आमच्यासोबत जेवायला आवडेल ना?’ मी तीच खोली घेतली.

आता सापळा. समाजमाध्यमावरच्या एका ग्रुपमध्ये मला फार सुंदर, फार स्वस्त खोली दिसली. मालक म्हणे परदेशात असतो, आधी अनामत भरा, किल्ली कुरिअरनं येईल. हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे. व्हिडिओ कॉलवर खोली, खिडकीबाहेरचा रस्ता आणि माणसाचा चेहरा दिसल्याशिवाय आणि लेखी करार हातात आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. अनामत कायद्यानं मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, हा शब्द ऐकून बरेच जण घाबरतात. नियम असा आहे की एरवी परदेशात राहणाऱ्याला तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामासाठी ती करावी लागत नाही. त्याहून जास्त राहणार असाल तर घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायची, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं.

३. बॅग: आंबा नाही, तूप नाही

मे महिना असल्यानं घरून आंबे द्यायचा आग्रह होणारच. नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन सुटतात. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याच्या वड्या घरीच ठेवा.

न्यायचं ते असं: गोडा मसाला किंवा तुमच्या गावाकडचा कांदा-लसूण मसाला (दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर सगळे कपडे वास घेतात), जाड पोहे, हिंग, चिंच, एक छोटा कुकर, प्लगचा अडॅप्टर. आणि सहा-सात लहान भेटवस्तू, स्वस्तातल्या चालतील पण आपल्या. मी खणाच्या छोट्या पाऊचेस नेल्या होत्या, त्या शेवटच्या आठवड्यात कामी आल्या.

४. पहिले तीन दिवस

प्रीपेड सिमला पासपोर्टनं ओळख पटवावी लागते, म्हणून तो जवळ ठेवा. थोडे रोख युरो ठेवा, लहान दुकानांत अजूनही कार्ड घेत नाहीत. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटली विकत घेतलीत तर ‘प्फांट’ लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर बहुधा २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. बागेत लोक रिकाम्या बाटल्या कचरापेटीत न टाकता शेजारी उभ्या ठेवतात, म्हणजे त्या गोळा करून पोट भरणाऱ्याला पेटीत हात घालावा लागत नाही. तुम्हीही तसंच करा.

‘डॉइचलांड-टिकेट’ हा देशभरच्या लोकल बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास. २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला, २०२६ पासून ६३ आहे. वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही. तो दर महिन्याला आपोआप नूतनीकरण होतो आणि रद्द करायचा तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत करावा लागतो. ही तारीख चुकली की भारतात परतल्यावरही पैसे कापले जातात. तेव्हा शेवटच्या महिन्याच्या १ तारखेचा गजर आत्ताच लावून ठेवा.

यापेक्षाही आधी सायकल घ्या. ग्योटिंगेनसारख्या गावात सायकल नसली की तुम्ही प्रत्येक बेतातून आपोआप गळता. सगळे म्हणतात ‘चला, तळ्यावर’ आणि पाच मिनिटांत निघतात, तुम्ही बसची वाट बघत राहता. जुनी सायकल घेताना पुढचा-मागचा दिवा, ब्रेक आणि भक्कम कुलूप बघा, विकणाऱ्याकडून दोन ओळींची पावती लिहून घ्या. फुटपाथवरून चालवायची नाही. जिथं खुणेची पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम कोणत्या बाजूनं गाडी येते याचीच सवय नसलेल्या आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे, पहिले दोन दिवस रिकाम्या गल्लीत सराव करा.

५. घरात वागायचं कसं

स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘पुट्सप्लान’ असतो, म्हणजे साफसफाईच्या पाळ्या. तुमची पाळी तुम्हीच पाळायची, कुणी आठवण करणार नाही. पण चुकवलीत तर मनात नोंद होते. कचरा कागद, ओला, पॅकिंगचा आणि उरलेला असा वेगळा करायचा, काच बाहेरच्या टाक्यांत. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, म्हणजे कुकरच्या शिट्ट्याही १० च्या आत. फोडणी घालण्याआधी खिडकी सताड उघडा आणि दार लावा. मोहरी-मिरचीच्या धुरानं धुराचा अलार्म वाजतो, आणि तो वाजला की सगळी इमारत दारात येते.

रविवारी दुकानं बंद. दूध, भाज्या, ब्रेड शनिवारीच आणायचं. ते मला माहीत होतं. रविवार किती लांब असतो ते माहीत नव्हतं. जूनमध्ये साडेनऊच्या पुढेपर्यंत उजेड असतो आणि त्या उजेडात एकटं बसणं अंधारात बसण्यापेक्षा जड जातं.

चौथ्या रविवारी सकाळी मी फक्त पोहे केले. माझ्यापुरते करणार होते, पण घरात अर्धा किलो होते, म्हणून चौघींचे भिजवले. कढीपत्ता नव्हता, शेंगदाणे होते, वर लिंबू. फ्लॅटमेट झोपेतून उठून आली, कढईत वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘हे दर रविवारी असतं का?’ मी हो म्हणाले. त्या दिवसापासून ते दर रविवारी होऊ लागलं, ११ वाजता. पुढच्या रविवारी तिनं बेकरीतून ब्रेड आणला, तिसऱ्या रविवारी तिची मैत्रीण आली.

६. आठवड्याचे दोन वार पक्के करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पहिल्या आठवड्यातच दोन अशा जागा निवडा जिथं तीच माणसं ठरलेल्या वाराला येतात, आणि काहीही झालं तरी तिथं जा.

कुठे? विद्यापीठाचा ‘होखशूलश्पोर्ट’ बघा: व्हॉलीबॉलपासून नाचापर्यंत सगळं असतं. सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मेमध्ये काही वर्ग भरलेले असतात, पण सरळ जाऊन सामील होता येतं असे तासही असतात. इंटर्नना काय दर आहे ते विचारून घ्या. ‘टांडेम’ म्हणजे तुम्ही तिला इंग्रजी किंवा हिंदी शिकवायची, तिनं तुम्हाला जर्मन. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ए-१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, केलेली असेल तर फारच छान, नसलं तरी दहा वाक्यं पाठ करून जा. ‘श्टामटिश’ म्हणजे एखाद्या खानावळीत ठरलेल्या वाराला ठरलेल्या टेबलावर जमणारी मंडळी. हा तिथला कट्टाच. गायनाचे समूह असतात, सामूहिक बागा असतात.

मी मंगळवारी व्हॉलीबॉल आणि गुरुवारी टांडेम धरलं. व्हॉलीबॉलला पहिल्या दोन मंगळवारी माझ्याशी कुणी खेळापलीकडे बोललं नाही. तिसऱ्या मंगळवारी पाऊस होता, मला कंटाळा आला होता, तरी गेले. सहाच जण आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, ‘तू परत आलीस, म्हणजे राहणार ना?’ आणि खेळ झाल्यावर सगळे मला घेऊन आइस्क्रीम खायला गेले. दोनदा जाऊन ‘इथले लोक थंड आहेत’ असं म्हणून सोडणारी मुलं मी खूप बघितली. तिसऱ्यांदा जा.

प्रयोगशाळेतही संधी असते, पण ती जेवणाच्या सुट्टीत असते. १२ वाजता ‘मालत्साइट’ (जेवणाच्या वेळचं अभिवादन) म्हणत सगळे उठतात आणि विद्यापीठाच्या खानावळीत, मेन्झात जातात. डबा घेऊन स्वतःच्या टेबलाशी बसू नका. डबा घेऊन त्यांच्यासोबत जा. बोलणं जर्मनकडे वळलं तर फोन काढू नका. हसून विचारा, ‘कशाबद्दल चाललंय?’ ते लगेच इंग्रजीवर येतात.

ग्योटिंगेनची एक खास गोष्ट सांगते. गावाच्या चौकात, जुन्या नगरभवनासमोर, हंस घेतलेल्या मुलीचा कारंज्यावरचा पुतळा आहे, गेन्झलीझल, १९०१ पासूनचा. पीएचडी झालेला माणूस सजवलेल्या गाड्यावरून मिरवत येतो, कारंज्यावर चढतो, तिला फुलं देतो आणि तिच्या गालावर ओठ टेकवतो. त्याच्या डोक्यावरची टोपी मात्र प्रयोगशाळेतले सहकारी स्वतः बनवतात, त्याच्या चार-पाच वर्षांच्या आठवणी चिकटवून. जूनच्या शेवटी आमच्याकडच्या एकाची टोपी करायची होती. मी संध्याकाळी सहजच थांबले. चिकटपट्टी, पुठ्ठा, तुटलेला पिपेट, त्याचा नेहमीचा कॉफीचा कप. मला कप टोपीवर उभा बसवायचं काम दिलं, आणि तो काही केल्या उभा राहीना. शेवटी मी दाभणानं पुठ्ठ्याला भोकं पाडून दोऱ्यानं तो शिवला, आजी गोधडी शिवते तसा दुहेरी टाका घालून. रात्री ११ वाजता आम्ही चौघं जमिनीवर बसून थंड पिझ्झा खात होतो, आणि पहिल्यांदा कुणी मला माझ्या घराबद्दल, आजीबद्दल विचारलं. प्रयोगशाळेत कुणी ‘थोडा वेळ थांबतेस का?’ म्हटलं, तर थांबा.

भारतीय मुलांचा गट तुम्हाला आपोआप भेटेल, मोठ्या शहरांत मराठी मंडळंही आहेत. तिथं जरूर जा, आजारपणात तेच धावून येतात. फक्त सगळे वार तिथंच देऊ नका.

७. बोलण्यातले सापळे

आपण पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो, कारण आग्रह होणार हे माहीत असतं. तिथं एकदा नको म्हणजे नको. पहिल्यांदा एकीच्या घरी गेले, तिनं केक पुढे केला, मी सवयीनं ‘नको नको’ म्हणाले आणि तिनं ताट उचलून आत ठेवलं. मला भूक लागली होती. हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, आवडेल’ म्हणा.

याच्या उलट ‘या एकदा घरी’. आपण ते प्रेमानं म्हणतो, तारीख मनात नसते. तिथं ऐकणारा लगेच विचारतो, ‘कधी?’ आणि फोनवर कॅलेंडर उघडतो. म्हणून म्हणायचं असेल तर वार ठरवूनच म्हणा. आणि ७ ला बोलावलं असेल तर ७ ला जा.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो, तुमचा उन्हाळ्यात येत असेल तर तुम्हीच न्यायचा. हॉटेलात ज्याचं त्यानं द्यायची पद्धत आहे, त्यात कोरडेपणा नसतो. दारू घेत नसाल तर सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं ‘आप्फेलशोर्लऽ’ मागवा, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. फक्त पेला उंचावून ‘प्रोस्ट’ (म्हणजे चिअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा.

८. घरचा फोन संध्याकाळी नको

हे लिहिताना आईला वाईट वाटेल, पण लिहिते. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो. घरी रात्रीची जेवणं आटपून सगळे साडेनऊला फोनला बसतात तेव्हा तिथं संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा सगळे काम संपवून बाहेर पडतात. पहिले तीन आठवडे मी रोज ६ ते ७ खोलीत फोनवर होते. मग आईशी बोलून दुपारचे दीड ठरवले, तिच्या पाचच्या चहाची वेळ. तिलाही ते आवडलं आणि माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या.

९. पाणी, गवत, आजारपण

उन्हाळ्यात सगळे तळ्यावर जातात. पोहता येत नसेल तर स्पष्ट सांगा आणि काठावर बसा. खाणी खणून झालेली तळी काठापासून दोन पावलांवर एकदम खोल होतात आणि वरचं पाणी कोमट असलं तरी खाली फार गार असतं. सोबतीचे लहानपणापासून पोहणारे असतात, त्यांच्या लक्षातही येत नाही की तुम्हाला येत नसेल. गवतात बसून आलात तर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड बघा. दिसली तर चिमट्यानं सरळ ओढून काढा. त्या जागी पुढच्या दिवसांत लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे जा.

रुग्णवाहिका आणि आग यांसाठी ११२, पोलीस ११०. दवाखाने बंद असताना साध्या आजारासाठी ११६११७.

१०. निघताना

दोन आठवडे आधी सायकलची जाहिरात द्या, ऑगस्टमध्ये किंमत येत नाही. खोली सोडताना दोघांनी मिळून फिरून बघा, फोटो काढा, किल्ल्या परत दिल्याचं आणि अनामत कधी मिळणार हे लिहून घ्या. प्रयोगशाळेत शेवटच्या दिवशी केक तुम्ही न्यायचा. मी शिरा केला, त्यांचं लोणी कढवून तूप काढलं.

फ्लॅटमेटला खणाची पाऊच दिली आणि म्हणाले, ‘सांगलीला ये.’ मग लगेच पुढे जोडलं, ‘जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात.’ तिनं कॅलेंडर उघडलं, १४ तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘या दिवशी तुम्ही काय खाता?’